चौथा पाय

मी पोचायच्या आधीच प्रमाणपत्र छापून तयार होतं:
‘उपरोक्त रंगमंचाची समक्ष पाहणी केली,
बांधणी सुस्थितीत आढळली.’
खाली माझं नाव, पदवीसकट, एक वेलांटी चुकलेली.
सही तेवढी राहिली होती.
तुस्कानोंनी पेन उघडून ठेवलं होतं
आणि शेजारी थंड ताक.

कन्नमवारनगरचं मैदान, दुपारचे सव्वातीन.
ताक प्यायले. पेनाला टोपण लावलं
आणि स्टेजखाली शिरले.

खाली निराळीच वस्ती असते.
पायपांचं रान, कुणाचा तरी डबा, कुणाच्या सपाता,
प्लायच्या उलट्या अंगावर जुन्या समारंभांची अक्षरं:
‘वधूपक्ष’, ‘मोफत नेत्रतपासणी’,
आणि स्वागतोत्सुक कुणीतरी, कमरेपासून वर कापलेला.

पान्याच्या मुठीने ठोकत जाते मी.
घट्ट कपलर टणकन उत्तर देतो,
सैल असेल तो खोकतो.
सत्तावीस टणक. अठ्ठाविसावा खोकला.
नसीरुल पाना घेऊन आधीच वाकलेला:
‘रात्रीचा आहे मॅडम, लाइट नव्हती.’
बावीस वर्षांचा, मालद्याहून आलेला.
त्याच्या कमरेच्या पट्ट्याचा हुक
कशालाच अडकवलेला नव्हता.

मागच्या रांगेतला चौथा पाय
गटाराच्या झाकणावर उभा.
झाकणाला तडा, आतली सळई गंजून फुगलेली,
पाचर म्हणून फुटकी फरशी.
‘टिकतं हो,’ तुस्कानो म्हणाले,
‘मागल्या वर्षी इथंच—’

मागल्या वर्षी.
माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त वजन
लोक याच दोन शब्दांवर टाकतात.

वरून मोरेश्वर वैती उतरला,
एलईडीची भिंत बांधणारा, भांडुप कोळीवाड्यातला.
खाडीकडे तोंड करून गालाला वारा लावला त्याने.
‘भिंत नाय बाय ती,’ म्हणाला, ‘शीड हाय.
शीड उभारलंय नि नांगर टाकलाय गटारावं.’
माझ्या यंत्राने ताशी एकोणीस किलोमीटर दाखवले.
त्याच्या गालाने जास्त.
मी गाल धरला.

पाय हलवायचा म्हणजे अख्खी चौकट सोडायची,
बॅलास्टच्या टाक्या उपसायच्या, पुन्हा भरायच्या,
गेलेला टँकर मागे बोलवायचा.
नसीरुल चढायला लागला.
आधी हुक, मी म्हटलं. त्याने लावला.
अध्यक्षांचा फोन, गायिकेच्या मॅनेजरचा फोन,
पुन्हा अध्यक्षांचा, आवाज चढवून.
साडेसातला टाळ्या सुरू झाल्या,
त्या आनंदाच्या नव्हत्या.
पहिल्या रांगेतल्या एका बाईने
कडेवरच्या पोराला माझं निळं हेल्मेट दाखवलं:
‘ती बघ, तिच्यामुळे.’

हो. माझ्यामुळे.

आठ चाळीसला सही केली,
छापलेली वेळ खोडून, वेलांटी नीट करून.

कार्यक्रम पाहिला नाही.
चौथ्या पायाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले,
पायपाला तळवा लावून.
ढोलकी कोपरापर्यंत येत होती.
दहाच्या सुमाराला वारा उठला, शीड भरलं,
सांगाड्याने एक लांब श्वास आत घेतला
आणि सोडला.
वर गायिकेने पदर सावरला, इतकंच.
गाण्याची ओळ तुटली नाही.

सकाळी ट्रक गेले तेव्हा मी पुन्हा गेले होते,
झाकणाचा फोटो काढून वॉर्ड ऑफिसला पाठवायला.
तक्रार क्रमांक लगेच आला.
झाकण तसंच, की कड बोटभर खाली गेलेली?
कालचा फोटो काढायचा राहून गेला होता.

गवतात चौकोन उमटले होते, रांगेने,
तीन दिवस दबून पिवळे पडलेले.
एकच रांग सोडून, हातभर आत,
अजून हिरवा.
एका पोराने त्यावर टाच टेकवली,
तळव्यावर थुंकून चेंडू घासला
आणि तिथून धावत सुटला.