जोजीचं कपाट

रुवीच्या या फ्लॅटमध्ये भिंतीवर रेघ ओढली
तर डिपॉझिटमधून पैसे कापतात,
म्हणून शलाकाची उंची आम्ही कपाटावर मोजतो.
कपाट जुनं. गाशा गुंडाळून कोट्टयमला परतणाऱ्या
एका कुटुंबाकडून चाळीस रियालला घेतलेलं.
त्याच्या डाव्या अंगाला पेन्सिलीच्या रेघा आधीपासूनच होत्या,
शेजारी वेटोळी अक्षरं.
तिसऱ्या मजल्यावरच्या शीजाताईंनी वाचून दाखवली:
जोजी, सहा. जोजी, साडेसहा. जोजी, सात.

आमची नऊ पूर्ण झाली
तेव्हा जोजीच्या सातच्या खाली दोन बोटं होती.

मी साइटवर सळया मोजतो.
बारा मीटरची सळई, तुकडे किती, वाया किती,
झोपेतही सांगेन.
तरी वर्षभर मी स्वतःला समजावत राहिलो
की कपाटाखालची फरशीच वाकडी आहे.

शाळेच्या रांगेत ती कायम पहिली.
गॅदरिंगला सलग तीन वर्षं ससा.
कुडाळहून आत्या फोनवर: "तिका लोंबकळूक सांग, उंच होता."
कशाला लोंबकळणार? इथलं एकुलतं झाड पालिकेचं.

डॉक्टर इहसान सुदानच्या, दारात वाकून येणाऱ्या.
त्यांनी आधी मलाच विचारलं, तुमची उंची?
पाच चार, म्हणालो.
त्यांनी मला पट्टीखाली उभं केलं.
पाच तीन.
बायको खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत राहिली.

मग डाव्या हाताचा एक्स-रे.
उजेडावर धरलेला तिचा पंजा,
मनगटात चिंचोक्यांएवढी हाडं, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी.
"मुलगी नऊची. हाडं सहाची," डॉक्टर म्हणाल्या,
"आणि टोकाशी ही काळी फट दिसते ना?
ही बुजली की वाढ संपली. अजून उघडी आहे."
एक अख्खी सकाळ दर अर्ध्या तासाने रक्त घेतलं.
शलाकाने नळ्या मोजल्या. मी काही मोजलं नाही.

आता फ्रिजमध्ये दही आणि आगळाच्या बाटलीमध्ये
एक पेन असतं, ज्याने लिहीत नाहीत.
रोज रात्री नऊ. आज उजवी मांडी, उद्या डावी.
चकती तीच फिरवते,
टिकटिक अरबीत मोजते, वाहिद, इथनैन,
आणि सुई टोचताना माझा हात धरते,
मी घाबरू नये म्हणून.

विमा कंपनीने कळवलं, बुटकेपणा हा आजार नाही.
बरोबर आहे. मीही कधी आजारी नव्हतो.
पण बिल आजाराचंच येतं.

गावच्या घराचा वरचा मजला राहिलाय.
स्लॅबवर सळया उभ्या, गंजलेल्या,
टोकांना भावाने रिकाम्या बाटल्या उपड्या घातल्यात.
दर महिन्याला तो विचारतो, "मजलो कधी चढवतस?"
मी म्हणतो, चढवतोय.
शलाका म्हणजे सळई,
हे नाव ठेवताना मला ठाऊक नव्हतं,
परवा तिनेच शब्दकोशात बघून सांगितलं,
वर म्हणाली, "बाबा, म्हणजे मी तुमच्या कामाची."

पहिल्या सहा महिन्यांत चार सेंटिमीटर.
पूर्वी वर्षाला तेवढे होत.
फ्रॉक आखूड झाला तेव्हा बायको रडली
आणि तोच फ्रॉक आणखी महिनाभर घालू दिला.

काल शुक्रवार. दीड वर्ष झालं.
टाचा कपाटाला, डोक्यावर वहीचा पुठ्ठा,
रेघ जोजीच्या साडेआठच्या वर गेली.
त्यावर जोजीची रेघच नाही.
"हा पुढे वाढलाच नाही?"
वाढला असेल. त्याच्या वडिलांची नोकरी गेली, एवढंच.
कोट्टयमला दुसरं कपाट असेल.

ती थोडा वेळ बघत राहिली.
मग स्टूल ओढलं, त्यावर चढली,
स्वतःच्या रेघेच्या हातभर वर एक रेघ ओढली
आणि शेजारी, मराठीत, लिहिलं:
जोजी. अंदाजे.