खजूर, कुलूप, शनिवार

डॉक्टर इल्हाम सुदानच्या.
त्यांनी तीन शब्द दिले इंग्रजीत, म्हणाल्या सांभाळा,
शेवटी परत मागेन.
मी ते मराठीत बांधून घेतले,
परक्या कागदात सामान माझ्याकडे टिकत नाही:
खजूर, कुलूप, शनिवार.

मग घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं.
मग शंभरातून सात-सात वजा.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी,
बाहत्तरच्या आधी थांबलो
(तिथे शाळेतही थांबायचो, गोठणकर बाई पट्टी घेऊन उभ्या असायच्या),
पासष्ट.
वय?
एकोणतीस.
त्या हसल्या. तसं हसू मी गिऱ्हाइकाला देतो
जेव्हा गाडीत काहीच बिघाड नसतो
आणि त्याला आवाज मात्र येत असतो.

पण येतोय ना आवाज.

वादी कबीरला स्पेअर पार्टच्या काउंटरवर सहा वर्षं उभा आहे मी.
कॉम्प्युटर उघडायच्या आत सांगतो
पिकअपची क्लच प्लेट कुठल्या फळीवर,
कुठल्या सालापासून बेअरिंग बदललं.
अरबाब पाहुण्यांना म्हणतो, हे बघा माझं चालतं रजिस्टर.
आणि गेल्या महिन्यात
फॅन बेल्ट हातात धरून मी उभा,
याला काय म्हणतात ते गेलेलं.
अडकलेलं नाही, गेलेलं. ओठांवर नाही, घशात नाही.
फळी होती, फळीवरची धूळ होती,
धुळीत डब्याएवढा स्वच्छ चौकोन.

बहीण फोनवर म्हणाली, बदाम भिजवून खा.
शेजारच्या खोलीतला फार्मासिस्ट म्हणाला, बी-ट्वेल्व्ह.
रात्री दोन वाजता मोबाइल जे म्हणाला
ते मी कुणालाच सांगितलं नाही.
मग एक वही केली, काय काय विसरलो ते लिहायला.
चौथ्या दिवशी वही सापडेना.
हे विनोद म्हणून सांगता येतं. सांगतोही.
लोक हसतात, मी त्यांच्यामागून
एक क्षण उशिरा.

डॉक्टरांना जे नाही सांगितलं ते हे:
माझ्या समोरच्या पलंगावर चौदा महिने एक माणूस झोपला.
सुतारकाम करायचा. दाढ दुखली की भिंतीला पाठ लावून बसायचा.
दहीभातात चिमूटभर साखर,
आणि मत्रहच्या धक्क्यावर बसून त्या उघड्या डोंगरांकडे बघत,
"कोणीतरी झाडं लावा रे याला."
कायमचा घरी गेला. विमानतळावर मीच सोडलं.
त्याच्या बॅगेचं वजन आठवतं, तीस किलो सातशे.
नाव नाही.
फोनमध्ये मी त्याला नुसतं "रूम" असं लिहिलेलं,
आणि तो नंबर आता बांगला बोलणारा कोणी उचलतो.
चेहरा आहे. बिनबटणाच्या सदऱ्यासारखा,
बंद करून ठेवायला काही नाही त्याला.

डॉक्टरांनी रक्त लिहून दिलं, झोप लिहून दिली, उठल्या.
तीन शब्द परत मागायला विसरल्या.
मी दारात जरा घुटमळलो.
मग म्हटलं, असू दे,
कुणाचं तरी काहीतरी माझ्याकडे राहतंय.

रात्री भांडी पालथी घालताना
एक वाटी हाताला खरखरीत लागली.
आमच्यातल्या कुणाचीच नव्हती. दिव्याखाली धरली.
ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं,
कै. दगडू सखाराम नवाळे यांच्या स्मरणार्थ.
बाप त्याचा.
नवाळे.
आडनाव आलं, दारात चपला काढून
मान वाकवून आत यावं तसं.
त्याचं नाव अजून जिन्यात आहे.

त्याच वाटीत आमटी घेतली. जिन्याकडे कान ठेवून जेवलो.

खजूर, कुलूप, शनिवार.
आज मंगळवार.
कॅलेंडरकडे पाठ करून लिहितोय.