चावी

वर्सोव्याच्या एका कॅफेत दर बुधवारी माझा कार्यक्रम असतो.
कार्यक्रम म्हणजे दोन तास, एक माइक, एक डुगडुगतं स्टूल,
आणि मॅनेजर तीनदा येऊन सांगतो,
"जरा हळू. पाच नंबरवर वाढदिवस आहे."

तीन हजार ठरलेत.
मिळतात दहा टक्के कापून, महिन्याने,
दोनदा आठवण केल्यावर.
बारीक तार तुटली की त्या बुधवारी मी
स्वतःच्या खर्चाने गायलो असं समजायचं.

गिटार मामाची.
जनूमामा बोटीवर ऑइलमन होता.
मोबाइल नावाचं बंदर आहे अमेरिकेत, खरंच आहे,
तिथल्या गहाणवटीच्या दुकानातून त्यानं ती उचलली
चाळीस डॉलरला. वर सहा कॅसेटी फुकट.

भांडुपला, खिंडीपाड्यात, दहा बाय बाराच्या खोलीत
त्या कॅसेटी मी झिजवल्या.
मालगाडी जाते, कोणीतरी मागे राहतं,
नदी असते, कुत्रा असतो, आई वारलेली असते,
एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.
माझी आई भाजी निवडता निवडता म्हणायची,
"गोऱ्यांच्या ओव्याच की रे या.
जातं तेवढं दिसत नाही."

आता लोक विचारतात, कुठला प्रकार?
अमेरिकाना म्हटलं की हॉटेलवाल्यांना
कॉफी वाटते.
"म्हणजे हिंदी नाही?"
नाही.
"इंग्रजी?"
चाल तिकडची, शब्द मराठी.
"रेट्रो नाइट करता का? शुक्रवार मोकळा आहे."

केली आहे. खोटं कशाला बोलू.
डास पळवणाऱ्या अगरबत्तीची जिंगलही केली,
अठरा सेकंद,
आणि त्या अठरा सेकंदांवर माझा अख्खा अल्बम उभा आहे :
नऊ गाणी, एकेचाळीस मिनिटं,
वर्षभरात जगाने ऐकून ऐकून दिले
अकराशे चार रुपये.

बाकीचे दिवस मुलुंडला शिकवण्या.
अन्वितचं बोट दुखतं.
माझंही दुखायचं, मी सांगतो.
त्याची आई विचारते, परीक्षा कधी असते?

गेल्या बुधवारी शेवटी पाइपलाइनचं गाणं म्हटलं.
पहाटे सहाला पाणी येतं,
आई हंडे रांगेत लावते,
बाप गार पाइपावर बसून बिडी ओढतो.
पाच जण होते. चार मोबाइलमध्ये,
एक बिलाची वाट बघत.

दारात रात्रपाळीचा रखवालदार, घाडीगावकर.
"शेवटचं ते भांडुपचं ना?"
मी खांद्यावरची गिटार सावरली. फुगलोच जरा.
"हो."
"चूक आहे."

"खिंडीपाड्याला सहाला पाणी कधीच नव्हतं. साडेचार.
एकतीस वर्षं चावी मीच फिरवली, महापालिकेत.
सहाला मी घरी चहा पीत असायचो."
मग त्यानं दोन्ही मुठींत हवा धरली
आणि वाकून, गुडघ्यांवर जोर घेत, फिरवून दाखवली.
"सत्तावीस फेरे. सावकाश.
घाई केली तर पाइप ओरडतो."
आत खुर्च्या टेबलांवर उलट्या चढत होत्या.
इतकं लक्ष देऊन माझं गाणं
आजवर कोणी ऐकलेलं नाही.

घाटकोपरला उतरून आईला फोन लावला.
पाणी कितीला यायचं गं आपल्याकडे?
ती झोपेत होती.
"साडेचारला," म्हणाली.
"सहाला तू उठायचास."

अल्बमवर आता सहाच राहणार.
पण परवापासून रिक्षात, शिकवणीच्या मधल्या दहा मिनिटांत,
मांडीवर बोटं आपटत बघतोय :
सहाचं साडेचार करायला
चार मात्रा जास्त लागतात.
अजून बसलेल्या नाहीत.