मधली खुर्ची

आर्णी रोडवर माझं बिछायत केंद्र.
सत्तेवाल्यांची सभा असली की
आठ दिवस आधी ॲडव्हान्स, पाचशे खुर्च्या,
अन् मधात एक, लाल मखमलीची.

काल जिनिंगच्या आवारात पाच पक्ष आले.
पाच झेंडे, बांबू एकच.
वर कोणता बांधू, विचारलं
तर कवडूजी उईके म्हणाले, वाऱ्याला विचार.

मधात कोण बसते, यावर तीनदा चहा थंडा झाला.
शेषराव बोबडे अन् अजीज मास्तर
गेल्या झेडपीत एकमेकाचे पोस्टर फाडत होते.
शिडी दोघांनाही मीच दिली होती, भाड्यानं.
शेवटी विमलताई गजभियेनं
ती खुर्ची उचलली, खाली नेली,
पंख्यापाशी उभ्या पोटुशा आशाताईला दिली.

स्टेजच्या मधात खड्डा राहिला.
भाषणं खड्ड्याच्या अल्याड-पल्याड झाली,
एकाचं वाक्य दुसऱ्यानं तोडलं.
फक्त कापसाच्या ओलाव्याचं निघालं,
केंद्रावरून परत धाडलेल्या गाड्यांचं,
तेव्हा पाचही जण एकाच दमात बोलले.
टाळ्या तेवढ्यालेच पडल्या.

रात्री सतरंज्या झटकल्या.
सरकी, खर्र्याच्या पन्न्या, एक कानातलं.
बिल कोणाच्या नावानं फाडू?
पाचही जण एकमेकाकडं पाहू लागले,
दिवसभरात पहिल्यांदाच
इतकं नीट.

खुर्च्या मोजल्या. एक कमी.
मखमलीची.
आशाताईच्या अंगणात आहे म्हणतात,
तिची सासू तिच्यावर वड्या वाळू घालते.
जाईन आणायला.
निवडणूक होऊ द्या.