शाब्दिक उदाहरणे, इयत्ता दुसरी

युक्ती मीच शिकवली होती:
‘उरले’ दिसलं की वजा,
‘एकूण’ दिसलं की मिळवायचं.
केंद्रप्रमुख आले त्या दिवशी एकही पाटी चुकली नाही.
शेरा चांगला मिळाला.
जाताना त्यांनी सुक्या बांगड्यांचा भाव विचारला.

पुढच्या सोमवारी फळ्यावर लिहिलं:
पाच बांगडे विकून जिजीकडे आठ उरले.
सुरुवातीला किती होते?
सतरा पाट्या, सतरा वेळा
तीन.
तीन बांगड्यांतून पाच विकून
वर आठ उरवणारी ही जिजी
सर्जेकोटच्या जेटीवर बसली असती
तर गाव कधीच श्रीमंत झालं असतं.
मी हसले. मग हसू आवरलं,
युक्ती माझी होती.

मंगळवारी तुलना.
गार्गीकडे नऊ शिंपले, मिस्बाहकडे सहा.
मिस्बाहकडे किती कमी?
दुर्वांक रेवंडकर उभा राहिला.
“बाई, तिचे तीन कोणी नेल्यान?”
कोणी नाही रे. नव्हतेच.
“मगे वजा कित्याक?”

डी.एड.ला हा प्रश्न चार गुणांना होता.
काढून घेणे, तुलना करणे,
आणखी किती लागतील ते शोधणे:
तिन्हींना चिन्ह एकच, आडवी रेघ.
तेव्हा लिहिलं होतं, चारही मिळाले होते.
दुर्वांकपुढे त्यातलं एक वाक्य कामाला येईना.

व्हरांड्यात शिंपले मांडले, एकासमोर एक.
सहा जोड्या झाल्या.
गार्गीचे तीन रिकाम्या फरशीकडे तोंड करून.
त्यानं त्या फरशीवर बोट टेकवलं,
एकदा, पुन्हा, पुन्हा,
“हय आसते तर.”
हो. तेवढंच.

गुरुवारी पुस्तकातली सफरचंदं काढून मी बांगडे घातले:
टोपलीत बावन्न. सदतीस विकले. उरले किती?
त्यानं दशक सुटा केला, नीट,
पंधरा आणले,
थुंकी लावून पुसले
आणि चौदा केले.
का रे?
“आवशीन एक वर घातल्यान मगे.”

वर घातलेला.
गिऱ्हाईक मी असते तेव्हा
मीच मागून घेते तो.
उदाहरणात त्याला धरायचं तर
दोन पायऱ्या होतात,
आणि दोन पायऱ्या दुसरीच्या अभ्यासक्रमात बसत नाहीत.
“दुर्वांक,” मी म्हटलं,
“तुझं उत्तर पुढच्या वर्षी बरोबर येईल.”