काट्यापर्यंत

एस्पेरान्स टीचर म्हणाल्या, शाणू,
ट्रकांवर नावं लिहिलीस तेवढी पुरे,
जमिनीवर काढशील काय?
खाण बंद पडल्यापासून ब्रश
टर्पेंटाइनच्या डब्यात नुसता उभा होता.
मी हो म्हटलं.

जागा म्हणजे कुडचड्याबाहेरचं ट्रकांचं आवार.
सिमेंटची लादी, फटींत लाल धूळ,
कितीही झाडा, तितकीच.
मधोमध वजनकाट्याचा पत्रा,
अर्धा कुणीतरी भंगारात कापून नेलेला.
शेवट तिथं येऊ दे, टीचर म्हणाल्या.

आधी फुली.
मग चार कोपरे, चार ठिपके.
"ही तर रांगोळी," अस्मीनं नाक उडवलं.
ठिपक्याला कोपरा, कोपऱ्याला टोक
दोरीनं जोडत गेलो,
एक कमान, तिच्याबाहेर दुसरी, तिसरी,
पाचवीला ती गप्प झाली.
उसगाळीमळला नदीकाठच्या जांभ्यात
असंच कुणीतरी कोरलंय, सहलीत पाहिलंय तिनं.
"त्यांनी दोरी कुठनं आणली?"
मला काय ठाऊक. वेलीची असेल.

पांढरा रंग सहाव्या फेऱ्याला संपला.
उरलेलं ट्रकाच्या निळ्यानं ओढलं,
'श्री शांतादुर्गा' लिहायला राखून ठेवलेला डबा.
देवीनं काही म्हटलं नाही.

टीचरांचा धाकटा पुतण्या तोंडाशीच अडला.
आत गेलो आणि अडकलो तर?
अभिमन्यूसारखा?
हा व्यूह नाही रे, त्या म्हणाल्या,
इथं फाटेच नाहीत, चुकायला जागा नाही,
चालत राहिलं की पोचतोस.
"मग त्यात मजा ती काय!"
असं म्हणाला
आणि पळत सुटला.

रंग वाळला त्या संध्याकाळी
बाप्तिस्त पोदेर भोंगा वाजवत
नेहमीसारखा आवारातून सरळ निघाला.
बारा पोरं ओरडली: रेषा!
थांबला बिचारा. सायकल मागं घेतली,
तोंडाशी नेली, आणि पोयांच्या टोपल्यासकट
डगमगत सगळे फेरे घेतले.
पत्रा धडाडला, टाळ्या पडल्या.
दुसऱ्या दिवशी सांगत होता,
तीन घरांनी थंड पाव म्हणून परत केले.

सोयरू वेळीप आला तो दिवेलागणीनंतर, एकटा.
चौदा वर्षं याच आवारात
रांगेत इंजिन चालू ठेवून बसलेला माणूस.
चपला बाहेर काढल्या, का कोण जाणे.
प्रत्येक वळणाला त्याचे हात वळत होते,
हवेतलं चाक धरल्यासारखे.
काटा हातभर अंतरावर आला
आणि वाटेनं त्याला पुन्हा पार कडेला नेऊन टाकलं
तेव्हा हसला, एक शिवी हासडली.
"रांगेत पण असंच व्हायचं."

मग पत्र्यावर उभा राहिला.
"बघ रे, किती भरतंय?"
आकडा दाखवणारी खोली केव्हाच पाडलीय.
तरी मी वही उघडल्यासारखं केलं,
विचारलं, गाडी भरलेली की रिकामी?

तो विचार करत राहिला.
पत्रा जरासुद्धा वाजला नाही.
आवारापलीकडून एक बस गेली, मग दुसरी.

सकाळी चौथ्या फेऱ्यात
एक कुत्रं ऐसपैस झोपलेलं असतं.
पोरं त्याच्यावरनं ढांग टाकून जातात,
रेषेला न शिवता,
एक पाय हवेत धरून.