मागच्या बाकावर

शनिवारी साडेचारला फादर पापं ऐकतात.
नऊ पोरं रांगेत, माझी सातवी,
पांढरे मोजे, एक घोट्यावर घसरलेला.
मी मागच्या बाकावर. गुडघे टेकायची फळी
नडगीला लागते म्हणून तिरका बसलोय.
मला इथं काही करायचं नसतं,
स्कूटर चालवायची असते फक्त.

सिसिलिया युनिफॉर्म शिवते. मे महिना,
शाळा उघडायच्या आत तीनशे फ्रॉक द्यायचेत.
"तूच ने तिला," म्हणाली, "आणि आत काय बोलली
ते विचारायचं नाही. फादरही कुणाला सांगत नाहीत."

मी टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे,
अक्कलकोट रोडला, बावीस वर्षं.
खालून उजेड, वरून कापड सरकतं.
सुटलेलं टोक, तेलाचा डाग, निसटलेला धागा,
खडूनं गोल करायचा, पुढं ढकलायचं.
दुरुस्तीला दुसरी माणसं असतात.

काल रात्री प्रिस्का
रिजेक्टच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर
पापं लिहीत बसली होती, हातानं झाकून.
एक मला ठाऊक होतं: अव्वाच्या सुपातली
तेंदूची पानं कातरून बाहुलीचा घागरा केला,
विड्या कमी भरल्या, बोलणी अव्वानं खाल्ली.
बाकीची तिची तिला.
दिवा घालवताना विचारलं,
"नान्ना, दुसऱ्याचं पाप सांगितलं तर चालतं?"
ज्याचं त्यानं सांगायचं, मी म्हणालो.
"आणि तो चर्चला जातच नसला तर?"
झोप आता.

आत गेली.
पडद्याखाली बुटांचे तळवे तेवढे दिसतात,
एकावर वाळलेलं च्युइंगम.
सहा पोरं दोन-दोन मिनिटांत सुटली.
हिला वेळ लागतोय.

आणि मला नारळी पौर्णिमा आठवते.
मार्कंडेयाचा रथ चौकात आलेला,
मामाच्या ओट्यावर पाहुण्यांची दाटी.
कुणीतरी विचारलं, पोरीची आई दिसत नाही,
नाव काय म्हणालास तिचं?
आणि माझ्या तोंडून आलं, सुशीला.
सहज. चुन्याची डबी मागावी तसं.
प्रिस्काच्या मुठीत माझं बोट होतं.
सोडलं नाही तिनं. वर बघितलं नुसतं.

महिन्याभरानं स्कॉलरशिपच्या फॉर्मवर,
तिच्याच गोल अक्षरात,
आईचे नाव: सुशीला.
सिसिलियानं ते खोडलं, वर बरोबर लिहिलं,
पेनाला टोपण लावलं,
आणि भाकरी थापायला बसली.
परातीचा आवाज शेजारी गेला असेल.
मला कुणी काही विचारलं नाही.
अजून नाही.

पंखा फिरतोय, हवा नाही.
लाकडाच्या त्या पेटीत
माझं नाव निघालं असेल का?
की नुसतंच, एक माणूस आहे, फादर?

बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा,
मोजा तसाच घसरलेला.
"तीन वेळा नमो मरिया म्हणायचंय.
गाडीवर म्हटलं तर चालेल का विचारलं,
हसले, चालेल म्हणाले."

रेल्वे लाइन्समधून निघालो.
डांबर मऊ पडलेलं, चाक चिकटत होतं.
मागं तिचं पुटपुटणं,
रिक्षाच्या हॉर्नला थांबायचं, पुन्हा चालू.
"नान्ना, मोज हं. मी विसरते."
मी ब्रेकवरची बोटं दुमडत मोजत होतो.

सात रस्त्याला लाल लागला.
"किती झाल्या?"

तीन झाल्या होत्या.
"दोन," मी म्हणालो.

तिनं माझ्या पाठीला कपाळ टेकलं
आणि सुरुवातीपासून म्हणायला लागली.